हरवून बघणारे आजगावकर

आजगावकरांनी मला आयुष्यात एकदाही शाबासकी दिली नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याने हिला डोक्यावर घेतलं असणार, म्हणून ही त्याचे गोडवे गातेय. छे! सुरुवातीचे कितीतरी महिने मला तो माणूस डोळ्यांसमोर नको असायचा. रविवारी सकाळी अख्खं बोरीवली पांघरूण ओढून पडलेलं असताना आपण कसंबसं उठून सायकल काढायची, आणि गेटवर या गृहस्थांनी आपला ब्रेक दाबून विचारायचं, "हा काय दिवाळीला लावणार आहेस?" तुम्हाला तरी आवडला असता का असा माणूस?

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ट्रंक कॉल लागायला अर्धा दिवस लागायचा आणि त्याबद्दलच्या शिव्या आम्ही खायच्या. आठवडाभर कानात लोकांची कुरकुर भरलेली असायची. रविवारी निदान दोन-चार तास कुणाचा आवाज ऐकू येऊ नये, एवढ्याच आशेने मी सायकल घेतली होती. आणि जाऊन पडले कुठे, तर आजगावकरांच्या मंडळात! त्या माणसाचा आवाज असा, की मालाडच्या सिग्नलला बोलले तर कांदिवलीत ऐकू जावं.

मंडळाचं नाव 'रविवार सायकल मंडळ'. ऑफिस म्हणजे त्यांच्या सोसायटीच्या गेटबाहेरचा फुटपाथ. येणारी माणसं आसपासच्या सोसायट्यांमधली. मराठी, गुजराती, सगळी मिसळ. कुणी बँकेतलं, कुणी शिक्षक, कुणी पोट कमी करायला आलेलं. सगळ्यांच्या सायकली साध्या, काळ्या, कॅरियरवाल्या. वाकड्या हँडलची रेसिंग सायकल एकट्या केदारकडे. हा केदार बँकेत नोकरीला, नुकताच पंचविशी ओलांडलेला, आणि पायांत नुसतं वारं. आमच्यातले बाकीचे हायवेला लागेपर्यंत हा पुढच्या चहाच्या टपरीवर दुसरा कप संपवत बसलेला असायचा.

आजगावकर स्वतः पन्नाशी पार केलेले, किडकिडीत, मालवणकडचे. औषधांच्या कंपनीत स्टोअरकीपर. इस्त्रीची खाकी हाफपँट आणि खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. निघण्याआधी ते रांगेतल्या प्रत्येक सायकलची घंटी स्वतःच्या अंगठ्याने एकदा वाजवत जायचे. ती त्यांची हजेरी. घंटी वाजवता वाजवता माणसाच्या तोंडाकडे बघायचे. "झोप झाली नाही तुझी. आज मधे राहा." "काय रे, ताप होता ना तुला? कोणी सांगितलं यायला? जा घरी." त्यांना कसं कळायचं देव जाणे, पण कळायचं. मला तर एकदा म्हणाले, "घरी भांडून आलीस. आज हायवेवर माझ्या डोळ्यांसमोर चालव." मी खरंच वहिनीशी भांडून आले होते. इतका राग आला मला! मनातलं ओळखलं म्हणून आला, दुसरं काय.

त्यांना एकच वेड होतं. मंडळातल्या चार-सहा जणांना राइड नेता आली पाहिजे. स्वतःची सायकल चालवणं वेगळं आणि पंचवीस माणसं नेऊन परत आणणं वेगळं, असं ते दर रविवारी ऐकवायचे. राइड संपली की ज्यांना 'लीडर' व्हायचंय त्यांना फुटपाथवर बसवायचे आणि चहाचा ग्लास हातात घेऊन शाळा घ्यायचे. सगळ्यात हळू जो चालवतो त्याला आपल्या लगेच मागे ठेवायचं, म्हणजे आपला वेग आपोआप ताब्यात राहतो. वळणाच्या आधी थांबायचं नाही, वळण ओलांडून थांबायचं. खड्डा दिसला की ओरडायचं, आणि मागच्याने त्याच्या मागच्याला ओरडून सांगायचं. आता आपल्या रस्त्यांवर हे करायचं म्हणजे गोरेगाव येईपर्यंत घसा बसायचा. "खड्डा! खड्डा! अरे खड्डा!" बाजूने जाणारे रिक्षावाले आम्हाला वेड्यात काढायचे.

यातलं त्यांचं सगळ्यात लाडकं कलम विश्रांतीचं होतं. ते मला कसं कळलं, ते सांगते.

आम्ही खाडी ओलांडून गोराईला गेलो होतो. होडीतून सायकली उतरवल्या आणि केदार सुटला. त्याच्यामागे आणखी चौघं. गावाबाहेर नारळवाला होता, तिथे जाऊन ही मंडळी पाय पसरून बसली. नारळ प्याले, गप्पा झाल्या, घाम वाळला. तोवर आम्ही मधले पोचलो. आणि सगळ्यात शेवटी, धापा टाकत, पदर कमरेला खोचून, लेडीज सायकलवर लीलाबेन आल्या.

लीलाबेन आमच्याच बाजूच्या सोसायटीतल्या. घरी खाखरे करून विकायच्या आणि ते पोचवायलाच त्यांनी सायकल घेतली होती. पुढे बास्केट, मागे कॅरियर, अंगावर गुजराती पद्धतीची साडी. "आखा आठवडा दुसऱ्याच्या पोटासाठी सायकल चालवते. रविवारी माझ्या स्वतःसाठी चालवते," असं त्या सांगायच्या. चाळिशीच्या, जाडजूड, आणि मंडळात सगळ्यात हळू.

त्या उतरल्या, स्टँड लावला, आणि केदार पँट झटकत उठला. "चला, आल्या लीलाबेन. निघूया!"

आजगावकर मातीतच मांडी घालून बसले. "बस खाली."

"अहो, पण सगळे आले ना?"

"तू किती वेळ बसलास?"

"बसलो की बराच वेळ. मस्त आराम झाला."

"आणि ही? जो दमला नाही त्याने तासभर झोपायचं, आणि जिचा जीव घशाशी आलाय तिने पाणीसुद्धा प्यायचं नाही? कुठला न्याय रे मेल्या हा? शेवटचा माणूस टेकला की आराम सुरू होतो. तोपर्यंत तू जे केलंस त्याला आराम म्हणत नाहीत, उकिरडे फुंकणं म्हणतात."

केदारचं तोंड एवढंसं झालं. लीलाबेन नारळ पिता पिता खुदकन हसल्या. आम्ही सगळे पुन्हा बसलो, आणि आजगावकर उठेपर्यंत कुणाची उठायची हिंमत झाली नाही. मी आजही चार बायकांबरोबर बाजारात गेले तरी शेवटची येऊन टेकेपर्यंत उठत नाही. घरचे हसतात. हसू देत.

पण नुसतं शिकवून भागतंय होय! आजगावकर परीक्षा घ्यायचे. आणि ती परीक्षा म्हणजे एक प्रकरणच होतं.

उमेदवाराला ते एका रविवारी पूर्ण राइड द्यायचे. स्वतः अवाक्षर बोलायचे नाहीत, सगळ्यात मागे राहायचे. आणि मग कुठेतरी, कुणालाही न सांगता, गायब व्हायचे! कुठल्याशा झाडामागे, दुकानात, गल्लीत. आपलं एक माणूस कमी झालंय हे लीडरला किती लवकर कळतं आणि कळल्यावर तो काय करतो, हे त्यांना बघायचं असायचं. आम्ही याला 'आजगावकर हरवणे' म्हणायचो.

केदारच्या परीक्षेला ते आरे कॉलनीत हरवले. एका तबेल्यात शिरले आणि तिथल्या भैयाजींबरोबर म्हशीचं ताजं दूध घालून केलेला चहा पीत बसले. केदार तुफान निघाला होता. पवई आली, पवई गेली, आम्ही वळसा घालून परत बोरीवलीला आलो, तरी त्याच्या डोक्यात काही नाही. गेटवर येऊन टाळ्या पिटतोय, "काय राइड झाली यार, झकास!" दुपारी जेवणाच्या वेळेला आजगावकर एकटेच सायकल मारत आले. बुटांना शेण लागलेलं.

"कसा आहेस केदार?"

"मी मस्त. तुम्ही कुठे होतात?"

"मी आरेत मेलो. सकाळीच मेलो. तुला कळवायचं राहिलं."

केदार दोन रविवार आलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला तो गुपचूप मागे जाऊन उभा राहिला. पोरगा वाईट नव्हताच. फक्त त्याला स्वतःचे पाय सोडून दुसरं काही दिसायचं नाही.

आम्हाला या परीक्षांची गंमत वाटायची. मलाही वाटायची, आजगावकरकाकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं त्या दिवसापर्यंत. राइडनंतर मी पाणी प्यायला वर गेले होते. काकू बांगडे साफ करत होत्या. सुरी बाजूला ठेवून म्हणाल्या, "शोभा, बस गो जरा."

आणि त्यांनी सांगून टाकलं. डॉक्टरांनी आजगावकरांच्या छातीचा कार्डिओग्राम काढला होता. हृदय थकलंय, सायकल ताबडतोब बंद करा, असं स्पष्ट बजावलं होतं. नोकरीची सगळी निरवानिरव झाली होती, गावच्या घराची कौलं शाकारून तयार होती, दोघांनी जाऊन सुखाने राहायचं एवढंच बाकी होतं. पण हे म्हणत होते, राइड नेणारं माणूस तयार झालं की त्याच दिवशी सायकल सोडतो. त्याआधी नाही.

"आणि तयार कोणाक करतत? सगळ्यांका नापास!" काकूंचा आवाज चढला. "ह्यांका सोडूचा असता तर आतापर्यंत कोणाक तरी पास केल्यानी असता. माझा ऐकतत खंय ते! तू सांग गो त्यांका. कोणाक पण पास करा म्हणावं. त्या केदाराक करा, नायतर वॉचमनाक करा!"

मी हसले, पण काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढच्या रविवारी मी आजगावकरांना बाजूला घेऊन सांगितलं, की काकूंनी मला सगळं सांगितलंय, आता बस करा. त्यांनी माझ्या चेनला तेल घातलं आणि म्हणाले, "माझं हृदय माझ्या छातीत आहे. तू तुझी चेन बघ, कोरडी ठाक पडलीय."

एका रविवारात ही गोष्ट मंडळभर झाली. आणि मग परीक्षांची गंमत गेली. आता आम्हा सगळ्यांना एकच घाई होती. कुणीतरी पास व्हायलाच हवं होतं. नाहीतर हा माणूस असाच सायकल मारत मारत रस्त्यात कोसळला असता.

तेव्हाच लीलाबेन पुढे झाल्या. "भाई, मला द्या ने परीक्षा."

केदार फिस्सकन हसला. आजगावकर नाही हसले. "घोडबंदर रोड. येत्या रविवारी."

घोडबंदरला ते एका विटांच्या ढिगामागे जाऊन बसले. आणि काय सांगू, पुढचं वळण यायच्या आत लीलाबेननी ओळखलं! पाठीला डोळे असल्यासारखी ती बाई थांबली, "आजगावकरभाई कुठे?" म्हणाली, आणि सायकल वळवून तशीच मागे सुटली. साडीचा काठ चेनमध्ये अडकायचा राहिला, इतक्या घाईने. विटांच्या ढिगामागून म्हाताऱ्याला शोधून काढला आणि विजयाने घेऊन आली. येऊन बघते तर ग्रुप कुठाय? निम्मे पुढे निघून गेलेले. काही जण पलीकडे वडे खायला गेलेले. एक जण तर भर रस्त्यात उभा राहून ट्रकवाल्याशी भांडत होता. सगळी वाट लागली होती.

"नापास," आजगावकर म्हणाले.

"नापास? अरे, मी तुम्हाला लगेच शोधलं!"

"मला शोधलंस आणि बाकीच्यांना हरवलंस. लीडर हलला की ग्रुप फुटतो. मागे दोघांना पाठवायचं, आणि आपण सगळ्यांना घेऊन एका जागी उभं राहायचं."

"माणूस हरवला नी मी उभी राहू? असं कसं होईल माझ्याच्याने?" लीलाबेन चिडून लाल झाल्या होत्या. "तिकडे तुम्ही मरत असाल नी मी इकडे पुतळ्यासारखी उभी?"

"हो."

"मला नाय जमणार."

"मग नको होऊस लीडर. खाखरे वीक."

हे जरा जास्तच झालं. लीलाबेन त्या दिवशी कुणाशी न बोलता घरी गेल्या. मी आजगावकरांना चांगलंच फैलावर घेतलं. तुम्हाला बायकोची काळजी नाही, माणसांशी बोलायची रीत नाही, असं काय काय तोंडाला आलं ते बोलले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "होणार तर तीच होणार गो. तिला माणूस कमी झालेला अंगावर काटा आल्यासारखा कळतो. उभं राहणं तेवढं शिकायचंय."

"मग हे तिला सांगा ना!"

"शिकल्यावर सांगेन."

असला माणूस.

लीलाबेन परत आल्या. येणारच होत्या. पुन्हा परीक्षा ठरली. मालाडहून मार्वे रस्त्याने मढला जायचं, तिथून होडीने सायकलींसकट वर्सोव्याला उतरायचं आणि अंधेरीहून घरी यायचं. केदार आणि मी मधल्या फळीत होतो. लीलाबेन सगळ्यांत पुढे, आजगावकर सगळ्यांत मागे.

झकास चाललं होतं सगळं. ऊन चढत होतं. दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, आणि लीलाबेनच्या वेगाने संथ चाललेली आमची रांग. मढच्या धक्क्यावर पोचलो. होडी लागलेलीच होती. लीलाबेननी माणसं मोजली. पुन्हा मोजली.

"आजगावकरभाई नाय."

सगळे हसायला लागले. "झालं सुरू म्हाताऱ्याचं!" "बसला असेल कुठेतरी ताडी पीत." "लीलाबेन, आज पास व्हा हां, काकूंना गावाला जायचंय!" होडीवाला वैतागला होता. पाणी उतरत चाललंय, आत्ता निघालो नाही तर होडी चिखलात रुतेल, चला पटापट, असं तो ओरडत होता. दोघं-तिघं सायकली उचलून निघालेसुद्धा. कुणीतरी म्हणालं, "येतील हो मागून. नेहमीचंच आहे."

लीलाबेननी आपली लेडीज सायकल होडीच्या फळीवर आडवी घातली. "कोणी चढायचं नाय."

"अहो, परीक्षाच आहे ना ती?"

"ते मला माहीत नाय. माणूस कमी आहे." मग आमच्याकडे वळल्या. "केदार, शोभा, तुम्ही दोघं पाठी जा. मी इथे आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. दोन्ही हातांनी हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. डोळे भरलेले. धावत सुटावंसं वाटत होतं त्या बाईला, ते मला स्पष्ट दिसत होतं. पण हलल्या नाहीत.

आम्ही निघालो. केदार शीळ घालत होता. पैज लावू म्हणाला, म्हातारा एरंगळच्या पानवाल्याकडे असणार. पानवाल्याकडे नव्हते. चहावाल्याकडे नव्हते. एका झाडाखाली नव्हते. बरंच पुढे गेल्यावर, आक्साच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसलेले दिसले. भर उन्हात.

"सापडलात!" केदार ओरडला.

आजगावकरांनी मान वर केली. हसले. "हां. सापडलो. लीलाबेन कुठाय?"

"धक्क्यावर. ग्रुप धरून उभी आहे. आम्हाला पाठवलं."

"शाब्बास. पास. तीही पास, तूही पास. जा तुम्ही, होडी धरा. मी येतो मागून निवांत."

माझा तर जीव भांड्यात पडला. पास! सुटलो बाई, काकू सुटल्या! मी सायकल वळवलीसुद्धा. केदार मात्र जागचा हलला नाही. एक पाय जमिनीवर टेकून तो आजगावकरांकडे बघत राहिला. मग हळूच मला म्हणाला, "शोभाताई, ह्यांनी मला पास केलं."

"हो, ऐकलं मी. चल."

"अहो, मला पास केलं! मला! शाब्बाससुद्धा म्हणाले." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काहीतरी गडबड आहे."

तो सायकल टाकून धावला. आजगावकरांचा हात धरला तर गार पडलेला, शर्ट घामाने चिंब. बोलायला लागले तर अर्धा शब्द आत, अर्धा बाहेर. तरी म्हणतायत, "काय नाय झालेला माका. जावा तुमी."

देवाची कृपा म्हणा, मासळी आणायला मढकडे निघालेला एक रिकामा टेम्पो तेवढ्यात आला. मी रस्त्याच्या मधे जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरने आधी शिवी घातली आणि मग आजगावकरांना स्वतः उचलून आत ठेवलं. केदार टोपल्यांच्या मधे बसला, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी त्या माणसाचे पाय धरून बसले होते आणि मनातल्या मनात त्याला वाट्टेल ते बोलत होते. काय गरज होती? कशाला हवी होती ही मस्ती? आणि मधेच, नको हो, जाऊ नका हो, असंही म्हणत होते.

धक्क्यावर होडी होती. फळीवर सायकल तशीच आडवी. एकही माणूस जागचा हलला नव्हता. सगळ्यांचा दंगा, होडीवाल्याचा आरडाओरडा, सगळं अंगावर घेऊन लीलाबेन तिथेच उभ्या होत्या. टेम्पोतून आजगावकरांना उतरवलं तशी गर्दीने वाट करून दिली. एवढा वेळ बोंबलणारा होडीवालाच सगळ्यांत आधी पाण्यात उतरला आणि त्यांना खांद्यावर घेतलं. होडी गेली असती तर ती परत यायला पाणी उरलं नसतं, हे तो नंतर मला स्वतः म्हणाला.

"लीलाबेन, चला!" मी होडीतून हाक मारली.

त्यांनी मान हलवली. "तुम्ही दोघं न्या त्यांना. माझ्याबरोबर एवढी माणसं आहेत."

पलीकडे वर्सोव्याला कोळीवाड्यातल्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं, टॅक्सी मागवली, आणि अंधेरीच्या एका हॉस्पिटलात आम्ही आजगावकरांना घेऊन पोचलो. वेळेत आणलंत, एवढंच तिथले डॉक्टर म्हणाले. मी बाकावर बसून ढसाढसा रडले. केदार भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या पँटला मासळीच्या टोपलीचं पाणी लागलेलं.

लीलाबेन संध्याकाळी आल्या. मढच्या धक्क्यावरून माणसांना त्या आल्या रस्त्यानेच परत घेऊन गेल्या होत्या, उलट्या वाटेने, भर उन्हात, एकेकाला त्याच्या सोसायटीच्या दारापर्यंत. तोंड उन्हाने रापलेलं. वॉर्डात काकू बसल्या होत्या, आजगावकर डोळे मिटून पडले होते. चाहूल लागली तसं त्यांनी विचारलं, "ग्रुप?"

"सगळे घरी. मी स्वतः सोडून आली."

आजगावकरांनी डोळे उघडले.

"आता तरी पास करा!" काकू म्हणाल्या.

"होडी अडवून धरलीस ते बरोबर," आजगावकर सावकाश म्हणाले. "पण होडीवाल्याशी भांडलीस म्हणे. लीडरने भांडायचं नसतं."

काकूंनी कपाळावर हात मारला. केदार तोंड फिरवून हसायला लागला. लीलाबेन पलंगाच्या कडेला बसल्या. पदराने आजगावकरांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "भाई, तुमचं पास-नापास तुमच्याजवळ ठेवा. पुढच्या रविवारी राइड आहे नी ती मी नेणार आहे. तुम्हाला विचारायला नाय आली, सांगायला आली आहे."

आजगावकर त्यांच्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. काकू घाबरून उठल्या, तसं त्यांनी हाताने खूण केली, बस म्हणून. लीलाबेनचा हात आपल्या हातात धरून ठेवला कितीतरी वेळ. नापास म्हणाले नाहीत एवढं खरं.

लीलाबेननी राइड नेली. पुढचीही नेली. केदार आपण होऊन सगळ्यात मागे राहायला लागला, आणि रेसिंग सायकलवर इतकं हळू चालवायचा की बघणाऱ्याला वाटावं, सायकललाच काहीतरी झालंय.

आजगावकर घरी आले, बरे झाले, आणि गावी जायचं नक्की झालं. गावी गेल्यावर मला ते कधी भेटले नाहीत. गावाला चांगली बरीच वर्षं काढली त्यांनी, माडांना पाणी घालत आणि शेजाऱ्यांना शिस्त लावत, असं काकूंच्या फोनवरून कळायचं. मी त्यांना शेवटचं बघितलं ते निघायच्या आधीच्या रविवारी.

आम्ही नेहमीसारखे गेटवर जमलो होतो. आजगावकर लुंगी-बनियनवर, हातात कापडी पिशवी घेऊन खाली आले. आम्हाला वाटलं, निरोपाचं काहीतरी बोलतील. त्यांनी केदारच्या टायरला लाथ मारून सुरुवात केली. "हवा कोण भरणार? आणि आज वारा समोरून आहे, तेव्हा पुढच्यांनी..."

"आजगावकरभाई," लीलाबेन म्हणाल्या. "तुम्ही फुटपाथवर. सूचना मी देते."

आता स्फोट होणार म्हणून मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा आजगावकर फुटपाथवर चढून, पिशवी छातीशी धरून, शाळेतल्या मुलासारखे उभे होते. लीलाबेननी सूचना दिल्या. वारा समोरून आहे, हेही सांगितलं. मग आम्ही निघालो.

त्या दिवशी केदारच्या जागी मी शेवटची होते. आजारातून उठल्यापासून, राइड निघाली की शेवटची सायकल वळेपर्यंत रस्त्याच्या मधोमध मान उंच करून बघत राहणारा हा माणूस, मी कितीदा बघितला होता. म्हणून कोपऱ्यावर मी मागे वळले. हात करायचा होता मला त्यांना. पण ते बघतच नव्हते. कोळीण टोपली घेऊन गेटवर आली होती, आणि आजगावकर आमच्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते. एका बांगड्याचा कल्ला वर करून त्यात डोकं घातलेलं. भाव जास्त सांगितला असावा, कारण त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

मी पाय टेकून थांबले. एकदा तरी वळतील म्हणून. नाही वळले. आम्ही गेलोय, नीट जाणार आहोत, यात त्या माणसाला आता बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हसू येतंय की रडू, मलाच कळेना.

तेवढ्यात पुढून, दोन इमारतींपलीकडून, लीलाबेनची हाक आली, "शोभा! पाठी का राहिली?"

"आले!" मी ओरडले, आणि पॅडल मारलं.